वर नान, खाली नान, मध्ये पनीर

सत्तावीस वर्षं ज्याने निम्म्या तेहरानला बर्फावर उभं राहायला शिकवलं, त्या इरजला स्की शिकवता येतं की नाही हे एकदा तपासून घ्यावं, असं प्रशिक्षक मंडळाला वाटलं आणि तसं पत्र आलं. पत्राची भाषा इतकी गोड होती की पहिलं दीड पान वाचून इरजला आपला सत्कार ठरलाय असंच वाटलं. त्याने ते माहरुखला, म्हणजे बायकोला, मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवातही केली. दुसऱ्या पानाच्या तळाशी असं होतं की सर्व मान्यवर प्रशिक्षकांनी चार दिवसांचा ज्ञान-नवीकरण वर्ग करावा, पाचव्या दिवशी परीक्षा देऊन नवीन कार्ड घ्यावं, आणि जे मान्यवर उत्तीर्ण होणार नाहीत त्यांनी आपलं लाल जाकीट महिनाअखेर कार्यालयात जमा करावं.

"धुऊन, की तसंच?" माहरुखने विचारलं.

इरजच्या दर्रेसेपीद गावात प्रशिक्षकाचं लाल जाकीट म्हणजे नुसतं जाकीट नसतं. ते अंगावर असलं की लिफ्टपाशी पोरं बाजूला होतात, नानवाला रांग मोडून हातात नान देतो, आणि तेहरानहून आलेले मोठमोठे साहेब बर्फात पडल्या पडल्या तुमच्याकडे असे बघतात की जणू त्यांना जन्म तुम्हीच दिलाय. इरजच्या जाकिटावर सात हा आकडा होता आणि गावात त्याला सात नंबर म्हणूनच ओळखत. जाकीट गेलेल्या चोपन्न वर्षांच्या माणसाला त्या डोंगरावर एकच काम मिळतं, ते म्हणजे लिफ्टच्या पायथ्याशी काचेच्या खोपट्यात बसून तिकिटांना भोक पाडायचं. आधी तिथे बसायचा तो माणूसही एकेकाळी लाल जाकीटवालाच होता. दोन वर्षांत तो खुर्चीत इतका खचला की बाहेरून नुसती त्याची टोपी दिसायची.

अर्ज करायचा आणि मोकळं व्हायचं, असं इरजला वाटलं होतं. पण दर्रेसेपीदमध्ये कुठलंही काम सल्ल्याशिवाय सुरू होत नाही. किराणा दुकानवाले हाज नुसरत हे सल्ल्याचे घाऊक व्यापारी. ते म्हणाले, अर्ज मुळीच करू नकोस, अर्ज केला की तू आहेस हे त्यांना कळतं. नानवाला म्हणाला की आधी ओळख काढ. आणि न्हावी म्हणाला की बाकी सगळं जाऊ दे, फोटो तरुण दिसला पाहिजे, म्हातारा दिसलास तर तिथेच नापास. असं म्हणून त्याने इरजची तीस वर्षांची मिशी उतरवली. आरशात इरजला स्वतःच्या धाकट्या मेव्हण्यासारखा कुणीतरी दिसला, आणि तो मेव्हणा त्याला कधीच आवडला नव्हता.

कार्यालयातल्या कारकुनाने फोटो पाहिला, जन्मदाखल्याचं पुस्तक पाहिलं, इरजकडे पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं की हे तिघं कोण. दाखल्याच्या फोटोत मिशी होती. कारकून म्हणाला, तुमची पावलं माझ्या डोळ्यांवर, पण मिशी उगवून आणा. वर्ग नऊ दिवसांवर आला होता आणि इरजच्या घराण्यात मिशी इतक्या वेगाने उगवल्याची नोंद नव्हती. शेवटी न्हाव्याने कागदावर लिहून दिलं की अमुक तारखेला आपल्या दुकानात काढलेली मिशी ही सदर अर्जदाराचीच होती आणि ती त्याच्या पूर्ण संमतीने काढण्यात आली. खाली अंगठा. साक्षीदार म्हणून हाज नुसरत. तो कागद फाईलला लागला आणि अजूनही असेल.

मग वय निघालं. दाखल्याप्रमाणे इरज छप्पन्न वर्षांचा होता. याचं कारण असं की त्याच्या आधी दोन वर्षं एक इरज जन्मून वारला होता, आणि बापाने काटकसर म्हणून, शिवाय बर्फातून शहरात जायचा कंटाळा म्हणून, दुसऱ्या मुलाला पहिल्याचाच दाखला वापरला. गावात असे चार-पाच जण आहेत आणि कुणाचं कधी काही अडलं नाही. पण मंडळाच्या नियमात पंचावन्नच्या वरच्यांनी हृदयाची तपासणी करून आणायची होती, आणि मेलेल्या भावाची दोन वर्षं परत करायची सोय कुठल्याच खिडकीवर नव्हती.

तेव्हा शहरात जाऊन इरज छातीला तारा लावून पळत्या पट्ट्यावर चढला. सत्तावीस वर्षं तो डोंगर उतरत आला होता. चढायला लिफ्ट होती. सहाव्या मिनिटाला तो पट्ट्यावर खेकसला, आठव्या मिनिटाला त्याने पट्ट्याचे आईबाप काढले. तरुण डॉक्टराने अहवालात हृदय ठणठणीत म्हणून लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'यंत्राशी भांडतो' असं जोडलं. ते वाचून इरज दुखावला. एरवी त्याच्याइतका तारोफ, म्हणजे बोलण्यावागण्यातली अदब, पाळणारा माणूस गावात नव्हता. पाहुण्याला तीनदा नको म्हणायला लावल्याशिवाय त्याने कधी चहा दिला नाही आणि कुणी त्याच्या गालिच्याचं कौतुक केलं की तो घेऊनच जा म्हणून गळ घाली. फक्त बर्फावर पाऊल पडलं की त्याच्या जिभेवरचा तारोफ उतरत असे. तिथे त्याने मंत्र्यांच्या मुलांना गाढव म्हटलं होतं, एका हाडांच्या डॉक्टरला दोनदा, आणि ते सगळे स्की शिकले होते.

इथवर ठीक होतं. पण मंडळाचे मुख्य परीक्षक मोहंदेस फरामर्झ हे इरजचे होणारे व्याही होते.

इरजची मुलगी गोलनार आणि फरामर्झांचा मुलगा बर्दिया यांचं एकमेकांवर मन बसलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मुलाकडचे फुलं आणि मिठाई घेऊन येऊन गेले होते, दोन्हीकडच्यांनी दोन तास ताठ बसून हवामानावर चर्चा केली होती, आणि होकाराची बोलणी पक्की करायला ते येत्या शुक्रवारी पुन्हा येणार होते. परीक्षा बुधवारी. हे कळल्यावर गावाने इरजचं अभिनंदन केलं. व्याही परीक्षक म्हणजे झोपून पास. हाज नुसरतने तर आगाऊ पिस्ते पाठवले. इरजलाच तेवढं कळत होतं की इकडे आड आणि तिकडे विहीर आहे, कारण त्याने मोहंदेस फरामर्झांना उतारावर पाहिलं होतं.

फरामर्झ तसा वाईट माणूस नव्हता. तेहरानला नळाच्या पाइपांचं काहीतरी करायचा, म्हणून मोहंदेस, म्हणजे इंजिनिअर. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पायात स्की अडकवल्या, आणि कागदपत्रांत हुशार म्हणून पुढच्याच वर्षी मंडळावर गेला. तिथे तेरा वर्षं तो प्रशिक्षकांना शिकवत होता. अडचण एवढीच होती की त्याला स्की येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे पडत नसे. पण सगळा भार मागे टाकून असा उतरायचा की मागून कुणीतरी खुर्ची सरकवेल अशी त्याची खात्री असावी. सौम्य उतारावर, ताज्या पायांनी हे चालून जातं. दर्रेसेपीदमधल्या सहा वर्षांच्या पोरालाही ते दिसत होतं. सांगितलं मात्र कुणी नव्हतं, कारण तो मोहंदेस होता, मंडळावर होता, आणि भेटला की आधी तुमच्या आईची तब्येत विचारायचा.

वर्ग शाळेच्या सभागृहात भरला. एकोणीस प्रशिक्षक पोरांच्या बाकांवर गुडघे कानाशी घेऊन बसले. त्यांत पेयमान नावाचा एक फळीवाला होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उतरणारी ही नवी जात इरजला मुळातच मान्य नव्हती. पाय दोन दिलेत ते कशासाठी, असा त्याचा सवाल असे. पण पेयमान हसरा पोरगा होता आणि स्टोव्हजवळची जागा त्याने इरजला दिली.

फरामर्झने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की नाती दाराबाहेर. "इरजआगांचं घर मी माझंच समजतो," तो म्हणाला, "म्हणूनच त्यांची परीक्षा मी इतरांपेक्षा कडक घेणार, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. इरजनेही डोलावली.

मग एक हिरवी फाईल वाटली गेली. फरामर्झ परदेशात बारा दिवस राहून एक पद्धत शिकून आला होता. विद्यार्थ्याची चूक थेट सांगायची नाही. आधी स्तुती करायची, मग चूक, मग पुन्हा स्तुती. समजायला सोपं जावं म्हणून त्याने फळ्यावर चित्र काढलं: वर नान, खाली नान, मध्ये पनीर. तिकडच्या लोकांसाठी ही पद्धत उत्तम असणार. ते लोक एका वाक्यात स्तुती संपवतात आणि लगेच पनीरवर येतात, असं ऐकलंय. पण इराणी माणसाच्या हातात स्तुती दिली की तो ती सोडत नाही. सरावाला जोड्या पाडल्या. पेयमानने एका मिशा पिकलेल्या प्रशिक्षकाचं वळण बघून त्याच्या टाचेपासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी तो त्याच्या आजोबांच्या औदार्यापर्यंत पोचला. समोरच्याने साहजिकच परतफेड केली. दुपारच्या जेवणापर्यंत एकोणीस माणसं एकमेकांवरून जीव ओवाळून टाकत होती आणि पनीर एकाच्याही तोंडाला लागलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मात्र इतरांना युक्ती सापडली. परीक्षेत फरामर्झ स्वतः शिकाऊ बनणार होता. तो मुद्दाम एखादी चूक करणार, आणि ती ओळखून फाईलप्रमाणे सांगायची. बाकीच्यांच्या ध्यानात आलं की ही चूक मुद्दाम केलेली असल्यामुळे ती सांगितली तर कुणाचा अपमान होत नाही. काठी जरा वर, मान जरा सरळ, एवढं म्हटलं की झालं. इरजचं नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. घर पेटलेलं दिसत असताना पडदा वाकडा आहे हे ज्याला दिसेल त्याने ती परीक्षा द्यावी. इरजला फरामर्झचं ते मागे टाकलेलं बूड सोडून त्याच्या देहात दुसरं काही दिसतच नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी गोलनार तेहरानहून आली. ती शाळेत शिकवते आणि बापाला चांगली ओळखते. तिने त्याच्यासमोर बैठक मारली.

"बाबा, उद्या बर्फावर तोंड उघडायचं नाही."

"परीक्षा तोंडीच आहे, बेटा."

"मग फक्त चांगलं बोला. शुक्रवारपर्यंत. एवढं एक माझ्यासाठी."

"आणि जाकीट?"

गोलनारने खुंटीवरच्या जाकिटाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले; आणि ते पाहून इरजने स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची शपथ घेऊन सांगितलं की स्तुतीशिवाय एक अक्षर काढणार नाही.

बुधवारी पोरांच्या उतारावर परीक्षा झाली. वयाचा मान म्हणून इरजला शेवटी ठेवलं. या मानाचा परिणाम असा झाला की त्याची पाळी येईपर्यंत मोहंदेस फरामर्झ तो उतार अठरा वेळा उतरला होता आणि त्याच्या मांड्या लटपटायला लागल्या होत्या. अठराही जण पास झाले होते. पेयमानने तर टोपीचा पट्टा सैल असल्याची चूक शोधून सर्वांत जास्त गुण मिळवले.

एकोणिसाव्या वेळी फरामर्झ डावी काठी बर्फात फरफटत खाली आला आणि इरजसमोर थांबला. "मी तुमचा शिष्य, इरजआगा. सांगा, कसं झालं?"

इरजने सुरुवात केली. बर्फावर तारोफ करायची ही त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे सत्तावीस वर्षांचा साठा एकदम बाहेर आला. मोहंदेसच्या येण्याने डोंगराची उंची वाढली. अशी चाल, असा तोल, अशी दृष्टी. फरामर्झ थांबला, वाट पाहिली, मग हळूच म्हणाला की काही उणं असेल तर तेही ऐकायला आवडेल. इरज म्हणाला, उणं माझ्या डोळ्यांत असेल. फरामर्झने घड्याळ पाहिलं. व्याह्याला नापास करायची त्याची इच्छा नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो पुन्हा वर गेला आणि या खेपेला डावी काठी एवढी फरफटली की बर्फात चर पडला. इरज म्हणाला, काय ही मोकळी शैली. बाकीचे अठरा जण बुटांकडे बघायला लागले.

तेव्हा फरामर्झ आणखी वर गेला. पोरांच्या उताराच्या वरचा टप्पा तसा काही अवघड नाही, पण तिथे सावलीत बर्फ कडक होतो. डावी काठी दोन्ही खेपांना दाखवून झालेली. आता त्याने ती हवेत फिरवायला घेतली. ती फिरवण्याच्या नादात मांड्या सुटल्या, भार होता त्याहून मागे गेला, आणि स्की त्याला घेऊन निघाल्या. खाली कडेला बर्फ दाबायचं यंत्र उभं होतं, पोलादी दात समोर करून, आणि त्याच्या पायरीवर चालक चहा पीत बसला होता. फरामर्झ सरळ त्या दातांकडे बघत येत होता. तोंडातून आवाज निघत नव्हता.

इरजचं काय झालं ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही.

"बूड उचल, गाढवा! पुढे ये! पुढे! नडगी बुटावर दाब, हात समोर! मशीनकडे नको बघू, बघशील तिथेच मरशील! डावीकडे बघ, डावीकडे, गाढवाच्या पोरा, आणि उभा राहा!"

आणि मोहंदेस फरामर्झ उभा राहिला. भार पुढे आला, डोकं डावीकडे वळलं, स्की त्याच्यामागे निमूट वळल्या, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्याने एक खरं, गोल, स्वच्छ वळण घेतलं. तो यंत्रापासून हातभर अंतरावर थांबला. चालकाने चहा सांडला नाही. त्याला कळलंच नव्हतं.

इरज धावत गेला आणि त्याने फरामर्झला खांद्याला धरून सावरलं. तो खांदा हाताखाली थरथरत होता. अठरा प्रशिक्षक आणि मंडळाचा एक कारकून एवढ्यांसमोर होणाऱ्या व्याह्याला गाढव म्हणून झालं होतं आणि त्याच्या बापालाही सोडलं नव्हतं. कारकुनाला गुणपत्रिका भरणं भाग होतं. चूक ओळखली: होय. सुधारणा झाली: होय. आधी स्तुती: दोन वेळा भरपूर, पण या चुकीसंबंधी नाही. नंतर स्तुती: नाही. निकालाच्या जागी फरामर्झने 'राखून' असं लिहिलं आणि कुणाच्याही आईची तब्येत न विचारता गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळपर्यंत गावात गाढवाचा उंट झाला होता आणि फरामर्झच्या सात पिढ्या त्यात आल्या होत्या. माहरुखने इरजशी बोलणं बंद केलं. गोलनार खोलीतून बाहेर आली नाही. हाज नुसरत येऊन सांगून गेले की त्यांनी आधीच म्हटलं होतं, अर्ज करू नकोस. इरजने जाकीट धुऊन वाळत घातलं. ते दोरीवर गोठून ताठ झालं आणि वाऱ्यात खडखड वाजत राहिलं. तो खिडकीशी बसून ते ऐकत होता. स्वतःचा त्याला फारसा राग येत नव्हता, खरं म्हणजे त्या वळणाचा आनंद त्याच्या मनातून जात नव्हता, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

शुक्रवारी ते येणार नाहीत अशीच सगळ्यांची खात्री होती, पण मुलाकडचे वेळेवर आले. फुलं मागच्यापेक्षा मोठी होती. फरामर्झ, त्याची बायको, बर्दिया. गावातला वडीलधारा म्हणून हाज नुसरत बसले होते. खरं तर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हवामानावर बोलून झालं. मग फरामर्झने घसा साफ केला.

"बुधवारच्या प्रकाराबद्दल गावात काही गैरसमज आहेत असं कळलं," तो म्हणाला. "तो परीक्षेचाच भाग होता. विद्यार्थी घसरला तर प्रशिक्षक काय करतो हे मला बघायचं होतं. म्हणून मी मुद्दाम घसरलो. एकोणीस जणांत ते एकट्या इरजआगांनी ओळखलं. ही 'तातडीची सुधारणा' आता माझ्या फाईलच्या पुढच्या आवृत्तीत वेगळं प्रकरण म्हणून जाईल."

आणि त्याने खिशातून नवीन कार्ड काढून दोन्ही हातांनी मिठाईच्या ताटात ठेवलं. फोटोत इरजला मिशी नव्हती.

हाज नुसरत म्हणाले की त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. माहरुखने सुटकेचा श्वास टाकला. सगळे इरजकडे पाहायला लागले. इरजला बुधवारी धरलेल्या त्या खांद्याची थरथर आठवली. मुद्दाम घसरलेला माणूस तसा थरथरत नाही. पण गोलनार दारात चहाचं ताट घेऊन उभी होती आणि ताटातले पेले किणकिणत होते. इरजने कार्ड उचललं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाला की मोहंदेसने इतकं हुबेहूब घसरून दाखवलं की क्षणभर आपणही फसलो.

पुढची बोलणी अर्ध्या तासात उरकली. बायका आत लग्नाच्या विधीला लागणारी साखर आणि सुया-दोरे, काय काय ठरवायला गेल्या. फरामर्झ इरजला म्हणाला, जरा मोकळ्या हवेत येता का, आणि दोघं मागच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. समोर पोरांचा उतार दिसत होता. फरामर्झने त्या उताराकडे पाहिलं.

"इरजआगा, एक विचारतो. इथे कुणी नाही. मी रोजच असा मागे बसतो का?"

हा आवाज इरजच्या ओळखीचा होता. सत्तावीस वर्षांत तो त्याने शेकडो वेळा ऐकला होता. पडून पडून कंटाळलेला माणूस शेवटी एकदा या आवाजात विचारतो, आणि त्यानंतर तो शिकतो. एका सकाळचं काम होतं. उद्या लिफ्ट सुरू व्हायच्या आधी याला वर न्यायचं, दोन्ही काठ्या काढून घ्यायच्या, नडग्यांना दोन सणसणीत टोले द्यायचे, दहा शिव्या द्यायच्या, आणि हा माणूस पन्नाशी उलटल्यावर का होईना स्की करायला लागला असता. जिभेवर पहिला शब्द येऊनही ठेपला. त्याने खिशातल्या कार्डावर हात ठेवला. आतून गोलनार कशालातरी खळखळून हसली.

"छे हो," इरज म्हणाला. "बुधवारी बर्फच वाईट होता."

फरामर्झने मान डोलावली.

"हो. बर्फच वाईट होता," तो म्हणाला, आणि आभार मानताना म्हणतात तसं पुढे जोडलं, "तुमच्या हाताला दुखू नये."

मग दोघं दाराशी आले. फरामर्झ म्हणाला आधी तुम्ही, इरज म्हणाला माझी काय बिशाद, आणि दोघं थंडीत बराच वेळ तिथेच उभे राहिले. तेरा वर्षांत मंडळाला इतका तयार प्रशिक्षक मिळाला नव्हता.